अश्लील चित्रफितींचे अनावर सेवन आणि जीवनक्रमाचा प्रश्न : सवयमुक्तीविषयक लेखनाची एक चिकित्सा

प्रास्ताविक

अश्लील चित्रफिती पाहण्याची सवय हाताबाहेर गेल्याची तक्रार घेऊन एखादा विद्यार्थी प्राध्यापकांच्या खोलीत येतो, असे सहसा घडत नाही. तो येतो तो परीक्षेतील अपयश, निद्रानाश, अभ्यासात मन न लागणे किंवा वसतिगृह सोडण्याची इच्छा यांपैकी काहीतरी घेऊन. मूळ गोष्ट बोलण्याच्या ओघात, बहुधा उठून दाराकडे जाताना, आणि पुष्कळदा भलत्याच भाषेत बाहेर पडते. 'सर, माझी स्मरणशक्ती गेली आहे', 'माझ्यातली ताकद संपली आहे', 'माझा मेंदू बिघडला आहे' अशी ती भाषा असते. ही भाषा त्या विद्यार्थ्याने स्वतः घडवलेली नसते. ती त्याने कोठेतरी वाचलेली किंवा ऐकलेली असते. म्हणूनच ज्या लेखनातून ती येते, त्या लेखनाची चिकित्सा करणे हे केवळ मानसशास्त्राचे काम नाही. ते समीक्षेचेही काम आहे.

सप्टेंबर २०१६ नंतर भारतात भ्रमणध्वनीवरील इंटरनेट झपाट्याने स्वस्त झाले आणि पूर्वी चोरून मिळवावी लागणारी दृश्ये उशाशी येऊन बसली. शासनाने बंदीचा मार्गही चोखाळून पाहिला. २०१५ साली ८५७ संकेतस्थळे रोखण्याचा आदेश निघाला व टीकेनंतर काही दिवसांतच तो सैल करावा लागला. उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०१८ साली ८२७ संकेतस्थळे रोखण्यात आली. बंद केलेल्या दाराशेजारी दुसरे दार उघडण्यास आंतरजालावर फारसा वेळ लागत नाही, हे त्यानंतर सर्वांच्या अनुभवास आले. बाहेरून घातलेली बंदी अपुरी पडते म्हटल्यावर प्रश्न व्यक्तीकडे येतो: ज्याला ही सवय सोडायची आहे त्याने काय करावे?

या प्रश्नाला उत्तर देणाऱ्या लेखनाचे तीन प्रवाह ढोबळमानाने सांगता येतात. पहिला निग्रहाचा, दुसरा मेंदूविज्ञानाचा आणि तिसरा समग्र जीवनक्रम बदलण्याचा. तिसरा प्रवाह अधिक सत्याजवळ जाणारा आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. तथापि 'जीवनक्रम बदला' हा उपदेश दोन अगदी भिन्न अर्थांनी केला जातो. एका अर्थी दिनचर्या हे सवयीभोवती घातलेले कुंपण असते. दुसऱ्या अर्थी ती स्वतःच पिकवायचे शेत असते. या दोहोंतील भेद लक्षात न घेतल्यास कुंपणच शेत खाते, ही आपल्याकडील म्हण येथे अक्षरशः खरी ठरते.

व्याख्या काय सांगते?

कोणत्या वर्तनाला विकार म्हणावयाचे, हा प्रश्न प्रथम सोडवणे आवश्यक आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ सालच्या निदानपुस्तिकेत, म्हणजे डीएसएम-५ मध्ये, अतिलैंगिकतेचा विकार समाविष्ट करण्याचा प्रस्ताव स्वीकारला गेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणाने मात्र अनावर लैंगिक वर्तनाच्या विकाराला स्थान दिले. हे वर्गीकरण २०१९ साली संमत झाले व १ जानेवारी २०२२ पासून अमलात आले. विशेष म्हणजे जुगार व संगणकीय खेळ यांच्या अतिरेकाला त्यात व्यसनजन्य वर्तनाच्या गटात टाकले असून लैंगिक वर्तनविकाराचा समावेश आवेगनियंत्रणाच्या विकारांत केला आहे. म्हणजे 'पोर्नोग्राफीचे व्यसन' हा शब्दप्रयोग बोलण्यात रूढ असला तरी शास्त्राने त्यावर अद्याप शिक्कामोर्तब केलेले नाही.

या व्याख्येतील दोन गोष्टी आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी, की किती तास किंवा किती वेळा पाहिले याचा आकडा तेथे दिलेला नाही. ते वर्तन आयुष्याच्या केंद्रस्थानी येऊन बसले आहे काय, त्यापायी प्रकृती, स्वतःची निगा, इतर आवडी व जबाबदाऱ्या यांकडे दुर्लक्ष होत आहे काय, ते आवरण्याचे प्रयत्न वारंवार फसले आहेत काय, त्यातून फारसे समाधान मिळत नसतानाही ते चालूच आहे काय, असे प्रश्न तेथे विचारले आहेत. आणि हे सर्व सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ चाललेले असावे व त्यामुळे मोठा मनस्ताप व्हावा किंवा जीवनव्यवहार बिघडावा, अशी अपेक्षा आहे. याचा अर्थ, रोगाची ओळखच मुळी उरलेल्या आयुष्याच्या अवस्थेवरून पटवायची आहे. जीवनक्रमाचा विचार उपचाराच्या वेळी बाहेरून आणावा लागत नाही. तो व्याख्येतच अंतर्भूत आहे.

दुसरी गोष्ट अशी, की केवळ नैतिक नापसंतीतून उपजणारा मनस्ताप निदानासाठी पुरेसा नाही, असे आयसीडी-११ स्पष्टपणे बजावते. जोशुआ ग्रब्ज व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली 'नैतिक विसंगती'ची जी मीमांसा केली, तीही याच दिशेने जाते. आपण व्यसनी आहोत असे वाटणे हे प्रत्यक्ष पाहण्याच्या प्रमाणावरच अवलंबून नसते. आपली श्रद्धा आणि आपले वर्तन यांतील अंतरावरही ते अवलंबून असते. महिन्यातून एकदा पाहणारा तरुण स्वतःला पतित समजून खंगू शकतो आणि रोज चार तास घालवणारा स्वतःला निरोगी मानू शकतो. या दोघांना एकच औषध देणारे लेखन दोघांचेही नुकसान करते.

निग्रहाचे लेखन

आपल्याकडील सर्वांत जुना व आजही सर्वाधिक खपणारा प्रवाह ब्रह्मचर्यविषयक पुस्तकांचा आहे. वीर्य हा देहाचा सारभूत अंश आहे, रक्ताच्या चाळीस थेंबांतून त्याचा एक थेंब बनतो, त्याचा नाश म्हणजे आयुष्याचा नाश, ही त्यामागील धारणा. पहाटे उठणे, थंड पाण्याचे स्नान, सात्त्विक आहार, व्यायाम, सत्संग, सद्ग्रंथवाचन अशी दिनचर्या ही पुस्तके सांगतात. वरवर पाहता हा समग्र जीवनक्रमाचाच उपदेश आहे आणि त्यातील बहुतेक गोष्टींवर आक्षेप घेण्याजोगे काही नाही. परंतु या दिनचर्येतील प्रत्येक कृतीचे समर्थन एकाच गोष्टीने केले जाते: तिच्यामुळे वासना दूर राहते. व्यायाम व्यायामाच्या आनंदासाठी नाही, वाचन ज्ञानासाठी नाही. सारे पहारेकरी आहेत. ज्याच्यापासून सुटायचे त्याचेच अष्टौप्रहर स्मरण या दिनचर्येत गृहीत धरलेले असते.

या लेखनाने केलेली दुसरी हानी अधिक गंभीर आहे. वीर्यनाशाच्या भयातून उद्भवणारी दुर्बलता, चिंता व खिन्नता यांना भारतीय मनोविकारतज्ज्ञ न. ना. विग यांनी १९६० साली 'धात सिंड्रोम' असे नाव दिले. येथे देहाला जडलेला विकार नसतो. भय हाच विकार असतो. रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर 'गुप्तरोगा'च्या ज्या जाहिराती पिढ्यान्‌पिढ्या रंगवल्या गेल्या, त्यांचा धंदा याच भयावर चालला. 'माझ्यातली ताकद संपली आहे' हे विद्यार्थ्याचे वाक्य या परंपरेतून आलेले आहे.

महाराष्ट्रात या भयाशी सर्वांत निकराने लढले ते रघुनाथ धोंडो कर्वे. जुलै १९२७ पासून १९५३ साली झालेल्या मृत्यूपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले. वाचकांच्या लैंगिक शंकांना त्यांनी सरळ, शास्त्रीय व निर्भीड उत्तरे दिली. अशा उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरण्यात आला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले होते. हस्तमैथुनाने स्मृती जाते, क्षय होतो वगैरे समजुतींची कर्व्यांनी केलेली चिरफाड आजही ताजी आहे. तथापि कर्व्यांच्या बुद्धिवादाने एक काम पूर्ण होते व दुसरे राहून जाते. अपराधभावना निराधार आहे हे पटल्याने ज्याचा त्रास केवळ अपराधभावनेपुरता होता तो मोकळा होतो. परंतु ज्याची रात्र खरोखरच हातून निसटली आहे, त्याला 'यात पाप नाही' एवढे सांगून भागत नाही. पाप नसलेली गोष्टही आयुष्य गिळू शकते. कर्व्यांपुढे हा प्रश्न आजच्या स्वरूपात उभा नव्हता, कारण त्यांच्या काळी दृश्यांचा न संपणारा पुरवठा नव्हता.

निग्रहवादी परंपरेत महात्मा गांधींचा निर्देश नेहमी केला जातो. पण तो अर्धाच केला जातो. गांधींनी १९०६ साली ब्रह्मचर्याचे व्रत घेतले ते झुलू बंडाच्या वेळी शुश्रूषापथकात काम करून परतल्यावर, आणि त्याचे कारण त्यांनी लोकसेवा हे दिले. आहाराचे प्रयोग, उपवास, रसनाजय हे त्यांच्या 'सत्याचे प्रयोग'मध्ये सविस्तर येतात खरे, परंतु त्या सर्वांच्या मागे आश्रम, सूतकताई, रुग्णसेवा, सत्याग्रह असे भरगच्च आयुष्य उभे आहे. त्यांच्या ब्रह्मचर्यविचारावर, विशेषतः संततिनियमनासंबंधीच्या भूमिकेवर, कर्व्यांनी घेतलेले आक्षेप योग्यच आहेत. तरी एक गोष्ट मान्य करावी लागते: गांधींकडे कुंपणाआड शेत होते. त्यांच्या नावाने पुस्तके लिहिणाऱ्यांनी कुंपण तेवढे उचलले.

मेंदूचे लेखन

दुसरा प्रवाह गेल्या दोन दशकांतील आहे आणि इंग्रजीतून मराठी तरुणांपर्यंत येतो. गॅरी विल्सन यांचे 'युअर ब्रेन ऑन पॉर्न' (२०१४) हे त्यातील सर्वाधिक प्रभावी पुस्तक. दर क्षणी नवे दृश्य पुरवणाऱ्या माध्यमामुळे मेंदूतील सुखप्राप्तीची यंत्रणा बधिर होते व काही काळ पूर्ण वर्ज्य केल्यास ती पूर्ववत होते, असा त्याचा मथितार्थ. या पुस्तकाचे श्रेय असे, की त्याने पापाची भाषा टाळली आणि नावीन्याच्या अखंड पुरवठ्याकडे लक्ष वेधले. दोष असा, की त्याने मर्यादित पुराव्यावर मोठी इमारत उभी केली. या संदर्भात वारंवार सांगितला जाणारा क्यून व गालिनात यांचा २०१४ सालचा अभ्यास ६४ पुरुषांचा होता. अधिक पाहणाऱ्यांच्या मेंदूच्या एका भागातील करड्या द्रव्याचे प्रमाण कमी असल्याचे त्यात आढळले. पण पाहिल्यामुळे ते कमी झाले, की ते कमी असणारेच अधिक पाहतात, याचा निर्णय अशा एककालिक अभ्यासातून लागत नाही. 'माझा मेंदू बिघडला आहे' असे म्हणणारा विद्यार्थी या अनिर्णित प्रश्नाचे निर्णित उत्तर घेऊन आलेला असतो. वीर्याच्या जागी डोपामाइन आले. क्षयाचे भय तेच राहिले.

अॅना लेम्बके यांचे 'डोपामाइन नेशन' (२०२१) हे पुस्तक या प्रवाहात अधिक प्रगल्भ आहे. मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या लेखिकेने लैंगिक अतिरेकाने ग्रासलेल्या एका रुग्णाच्या हकिगतीने पुस्तकाचा आरंभ केला आहे. सुमारे चार आठवड्यांचे वर्जन, मोहाची साधने हातापासून दूर ठेवून स्वतःला बांधून घेणे आणि निरपवाद सत्यकथन हे त्यांचे प्रमुख उपाय. यांपैकी सत्यकथनावरील विवेचन मोलाचे आहे, कारण तेथे प्रश्न मेंदूतून बाहेर पडून माणसामाणसांतील संबंधांत येतो. तरीही पुस्तकाचे मुख्य रूपक तराजूचे आहे: सुख व वेदना यांची पारडी समतोल कशी राखावीत? पारडी समतोल झाल्यावर माणसाने दिवसभर काय करावे, हा प्रश्न त्या रूपकात मावत नाही.

या प्रवाहातील लोकप्रिय लेखनाने दिवस मोजण्याची प्रथा रूढ केली. नव्वद दिवस पाळले तर मुक्ती. एकोणनव्वदाव्या दिवशी घसरले तर पुन्हा शून्य. सवयीच्या अभ्यासातून मात्र निराळे चित्र दिसते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागले. परंतु व्यक्तिपरत्वे हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. आणि एखादा दिवस चुकल्याने सवय घडण्यात लक्षणीय बाधा आली नाही. हा अभ्यास खाणे, पिणे, व्यायाम अशा साध्या सवयींचा होता, हे खरे. तरीही एका चुकीने सारे शून्यावर येते या समजुतीला त्यातून आधार मिळत नाही. उलट ती समजूतच घातक ठरते. 'आता गेलेच आहे, तर पुरते जाऊ दे' असे म्हणून उरलेली रात्र घालवण्यास ती निमित्त पुरवते.

जीवनक्रमाचा विचार

तिसऱ्या प्रवाहाचा पाया व्यसनांच्या सामाजिक अभ्यासात आहे. व्हिएतनाम युद्धावरून परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी १९७०च्या दशकात अभ्यास केला. तेथे हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांपैकी मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात सुमारे ५ टक्के व तीन वर्षांत सुमारे १२ टक्के पुन्हा त्या आहारी गेले. ज्या परिस्थितीत सवय जडली ती परिस्थिती मागे पडल्यावर बहुतेकांची सवयही मागे पडली. कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठात ब्रूस अलेक्झांडर यांनी त्याच दशकाच्या अखेरीस केलेल्या प्रयोगांत, एकाकी पिंजऱ्यातील उंदरांपेक्षा प्रशस्त व सोबत असलेल्या जागेतील उंदरांनी मॉर्फिनयुक्त पाणी कमी प्यायल्याचे आढळले. पुढील काही प्रयोगांत हा निष्कर्ष तितक्या ठामपणे निघाला नाही, म्हणून त्यावर सर्व भार टाकणे योग्य नव्हे.

महाविद्यालयाच्या दृष्टीने वेंडी वुड व सहकाऱ्यांचा २००५ सालचा अभ्यास अधिक जवळचा आहे. एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात गेलेल्या विद्यार्थ्यांच्या व्यायाम, वृत्तपत्रवाचन व दूरदर्शन पाहणे या सवयी त्यांनी तपासल्या. परिसर सारखा राहिला तेथे जुनी सवय टिकली. परिसर बदलला तेथे ती मोडली व वर्तन पुन्हा हेतूच्या ताब्यात आले. चित्रफितींच्या सवयीचाही परिसर ठरलेला असतो: बंद खोली, अंथरूण, उशाशी फोन, अर्धवट राहिलेला अभ्यास आणि दुसऱ्या दिवशी कोणाला तोंड दाखवायचे नसणे. यांतील प्रत्येक दुवा वेगळा काढता येतो, आणि त्यासाठी मोठ्या मनोबलाची गरज नसते. रात्री फोन खोलीबाहेर ठेवणे आणि सकाळी सहाला मैदानावर कोणीतरी आपली वाट पाहत असणे, हे दोन बदल शंभर प्रतिज्ञांहून अधिक काम करतात. यांतील पहिला बदल कुंपणाचा आहे, दुसरा शेताचा. आणि दुसऱ्यावाचून पहिला फार काळ टिकत नाही.

प्रत्यक्ष या समस्येवरील उपचारांतही हेच दिसते. अमेरिकेतील युटा राज्यात टूहिग व क्रॉस्बी यांनी 'स्वीकार व प्रतिबद्धता' या नावाने ओळखली जाणारी उपचारपद्धती वापरली. इच्छेशी झुंज न देता ती येते व जाते हे पाहणे, आणि ती असतानाही आपल्या मोलाच्या गोष्टींकडे वळणे, हे तिचे सूत्र. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या २८ पुरुषांच्या चाचणीत बारा बैठकांनंतर उपचार घेतलेल्या गटाचे पाहणे ९३ टक्क्यांनी घटले. प्रतीक्षेत ठेवलेल्या गटाचे २१ टक्क्यांनी. दोन्ही गटांचे उपचार झाल्यावर तीन महिन्यांनी पाहता, पूर्ण बंद करू शकलेले ३५ टक्केच होते. मात्र सुमारे तीन चतुर्थांश जणांचे पाहणे किमान ७० टक्क्यांनी कमी झालेले होते. नमुना लहान आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरी दिवस मोजणाऱ्या प्रथेनुसार ज्यांना 'अपयशी' म्हणावे लागले असते, त्यांतील अनेकांचे आयुष्य प्रत्यक्षात सुधारले होते, हा त्यातील खरा बोध.

मराठी वाचकाला या विचाराचे सर्वांत परिचित उदाहरण पुण्याचे 'मुक्तांगण' हेच आहे. 'गर्द'च्या विळख्याविषयी लिहिणारे अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली हे केंद्र सुरू केले. तेथील पस्तीस दिवसांच्या निवासात औषध हा एक भाग असतो. परंतु वेळेवर उठणे, योग, केंद्रातील कामे, गटातील मोकळे बोलणे, व्यसनातून बाहेर पडलेल्या समुपदेशकांचा सहवास, कुटुंबियांचा सहभाग आणि घरी गेल्यानंतरचा पाठपुरावा यांवर भर असतो. अवचटांच्या लेखनात व्यसनी माणूस हा कधीही केवळ व्यसनी नसतो. त्याला गाव, धंदा, आई, बायको, गाणे, राग असे सर्व काही असते. निग्रहाच्या व मेंदूच्या लेखनात जो माणूस हरवतो, तो येथे सापडतो.

अर्थात ही तुलना एका मर्यादेपलीकडे ताणता येत नाही. दारू किंवा गर्द कायमची सोडता येते. कामेच्छा सोडता येत नाही आणि सोडण्याचे कारणही नाही. दारूमुक्तीचा आदर्श जसाच्या तसा येथे आणला, तर त्याचे रूपांतर पुन्हा ब्रह्मचर्याच्या पुस्तकात होते. येथील ध्येय इच्छेचा नाश नव्हे. इच्छेला आयुष्यात तिची जागा मिळणे, हे आहे.

या विचारापुढील आक्षेप

जीवनक्रमाच्या विचारावर तीन आक्षेप घेता येतात आणि तिन्हींत तथ्य आहे. पहिला वर्गीय स्वरूपाचा. व्यायाम, छंद, निसर्ग, मित्र, पुरेशी झोप हा सल्ला ऐकायला निर्दोष आहे. पण तो कोणाला पाळता येतो? पुण्यातील पेठांत 'कॉट बेसिस'वर राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करणारा तरुण डोळ्यांसमोर आणावा. गावाकडून येणारे तुटपुंजे पैसे, मेसचे जेवण, दिवसभर अभ्यासिकेतील एक खुर्ची, लांबत जाणारे निकाल, लग्नाचे वय आणि नोकरीचे वय यांच्या मध्ये अडकलेली वर्षे असा त्याचा जीवनक्रम त्याने निवडलेला नाही. दिवसाच्या अखेरीस त्याच्या मालकीची एकच गोष्ट उरते, ती म्हणजे हातातला फोन. 'जीवनशैली बदल' असे त्याला सांगणे म्हणजे परिस्थितीचा दोष त्याच्या स्वभावावर टाकणे होय.

दुसरा आक्षेप स्त्रीसंबंधी आहे. सवयमुक्तीच्या बहुतेक लेखनात स्त्री ही मोह, उद्दीपक किंवा बक्षीस म्हणून येते. व्यक्ती म्हणून नव्हे. पडद्यावर दिसणाऱ्या स्त्रीचे पुढे काय झाले, तिची संमती होती काय, हा प्रश्न तेथे उपस्थितच होत नाही. डिसेंबर २०२० मध्ये एका मोठ्या संकेतस्थळाने, टाकणाऱ्याची ओळख पडताळलेली नाही म्हणून आपल्याकडील बहुसंख्य चित्रफिती काढून टाकल्या. संमतीचा प्रश्न किती मूलभूत आहे हे त्यातून उघड झाले. पाहणाऱ्याची एकाग्रता वाढावी एवढ्याचसाठी सवय सोडावयाची असेल, तर तो जीवनक्रमातील बदल अपुरा आहे. वर्गातील मैत्रिणीशी, घरातील बहिणीशी, पुढे पत्नीशी निखळ माणूस म्हणून बोलता येणे, हे त्या बदलाचे अधिक खरे माप आहे. शिवाय ही सवय स्त्रियांनाही असू शकते, याची दखल हे लेखन क्वचितच घेते. अशा विद्यार्थिनीला लाजेचे ओझे दुप्पट वाहावे लागते.

तिसरा आक्षेप वैद्यकीय आहे. काही जणांच्या बाबतीत रात्रभर पाहत राहणे हे खिन्नता, चिंताविकार किंवा जुन्या आघाताचे लक्षण असते. त्यांना मैदानावर धावायला सांगून भागत नाही. त्यांना मानसोपचारतज्ज्ञाकडे नेणे आवश्यक असते. जीवनक्रमाचा आग्रह उपचाराच्या आड येता कामा नये.

समारोप

हे तिन्ही आक्षेप जीवनक्रमाचा विचार खोडून काढीत नाहीत. ते त्याला पूर्णत्व देतात. जीवनक्रम ही एकट्या व्यक्तीची निर्मिती नसते, एवढाच त्यांचा इत्यर्थ आहे. आणि विद्यार्थ्याच्या जीवनक्रमाचा बराचसा भाग आपण, म्हणजे महाविद्यालये, घडवीत असतो. सायंकाळी मैदानाला कुलूप कोण लावते? ग्रंथालय पाच वाजता कोण बंद करते? मुलामुलींनी एकत्र नाटक बसवले, तर त्याकडे संशयाने कोण पाहते? २००७ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळात शालेय लैंगिक शिक्षणाला विरोध झाला आणि तो अभ्यासक्रम बाजूला पडला, तेव्हा आपल्यापैकी किती जणांनी काही म्हटले? ज्या प्रश्नांची उत्तरे आपण दिली नाहीत, ती मुलांनी भिंतीवरच्या जाहिरातींतून आणि पडद्यावरून मिळवली.

यावरून सवयमुक्तीविषयक लेखनाची एक कसोटी सुचते. असे कोणतेही पुस्तक हाती आले, की त्याने सांगितलेल्या दिनचर्येतून ती सवय क्षणभर वगळून पाहावी. सवय नसतानाही ती दिनचर्या जगण्याजोगी वाटते काय? वाटत असेल तर तेथे शेत आहे. नसेल, तर ते पुस्तक कितीही शास्त्रीय भाषेत लिहिलेले असो, तेथे कुंपणापलीकडे काही नाही.

हीच कसोटी विद्यार्थ्याशी बोलतानाही उपयोगी पडते. दाराकडे जाताना थबकलेल्या त्या मुलाला 'किती दिवस झाले?' असे विचारण्यात फारसा अर्थ नसतो. तो आकडा त्याला पाठच असतो आणि त्याचीच त्याला लाज वाटत असते. त्याला परत बसवून 'जेवतोस कुठे? झोपतोस केव्हा? संध्याकाळी कोणाबरोबर असतोस?' असे विचारावे. बहुधा तिसऱ्या प्रश्नाशी तो अडखळतो. उपचाराचा प्रारंभ तेथून होतो, आणि त्या प्रश्नाचे उत्तर शोधणे हे त्याच्याइतकेच आपलेही काम आहे.